मुठीचं मडकं

या आठवणी लिहायला घेऊन चार वर्षं होत आली. नगरचं शिक्षण लिहून झालं, पाळक म्हणून सांभाळलेली वैरागची पहिली मंडळी झाली, माळशिरसच्या वस्त्यांवर सायकलीवरून केलेली फिरती झाली. मधली दहाबारा पानं मात्र मी कोरी सोडत आलो. मुलगा वही चाळताना विचारायचा, इथं काय राहिलंय, पप्पा? मी म्हणायचो, आठवत नाही. ते खोटं होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं लख्ख दुसरं काही आठवत नाही.

गेल्या महिन्यात माझी भाची मार्था वारली. सोलापुरातच, आमच्या ख्रिस्ती देवळामागच्या जुन्या गल्लीत. सत्तरी ओलांडली होती तिनं, आणि त्यातली पासष्ट वर्षं ती आंधळी होती. दफनाच्या वेळी जे तरुण पाळक होते त्यांनी तिला फारसं पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते घराण्याविषयी बोलले. ही त्या राहेलबाईंची मुलगी, म्हणाले, ज्यांनी मुठीच्या मडक्यातली चांदी प्रभूला वाहिली. ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि ती सांगणारे रेव्हरंड शमुवेलराव आज आपल्यात बसले आहेत. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी माझी खुर्ची आदरानं पुढं सरकवली. पेटी खड्ड्याच्या काठावर होती. पाळकांनी पुढं ती गोष्ट पूर्ण सांगितली, मी जशी घडवली होती तशीच, शब्दाला शब्द. तिच्यात मार्था नव्हती. घरी आलो आणि कोरी पानं उघडली.

राहेल म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. वडील तापाच्या साथीत गेले आणि मी सहा वर्षांचा असताना आईही गेली. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिनंच मला वाढवलं. तिचा नवरा गिरणीत होता. मार्था पोटात असताना छातीच्या दुखण्यानं गेला. एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढं आमचं घर. पडवीत रहाट. पूर्वेकडच्या पेठेतले मल्लय्या म्हणून एक विणकर होते, त्यांच्या मागांसाठी अक्का कांड्या भरायची. उजव्या हातानं रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं, आणि लडी संपली की दुसरी. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की रहाट सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. त्या घरघरीत मी अभ्यास केला, त्या घरघरीत जेवलो. नगरला गेल्यावर पहिले पंधरा दिवस मला झोप येईना, तेव्हा लक्षात आलं की रहाट नाही म्हणून येत नाही. मल्लय्या लड्या घेऊन आले की पडवीच्या पायरीवर बसायचे, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट करायचे आणि अक्काला तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणायचे, "हा एवढा वाचतोय, याला सूत ओढता येतंय का बघ आधी." अक्का हसायची. हसताना ती ओठांवर पदर घ्यायची, कारण पुढचे दोन दात पडलेले होते.

खाणं म्हणजे भाकरी, शेंगदाण्याची उखळात कुटलेली चटणी, आणि संध्याकाळी बहुतेक हुलग्याचं माडगं. रविवारी कधी वजडी आणली तर तिचा वास गल्लीभर. पण आमच्या घराचा खरा वास दळणाचा होता. दळायला बसण्यापूर्वी अक्का सुपातली एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि चुलीजवळच्या मडक्यात टाकायची. आमच्या मंडळीत घरोघरी असं मडकं असे. त्याला देवाची मूठ म्हणत, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते धान्य देवळात जाई. अक्काच्यानं महिनाभर थांबवत नसे. मिशनच्या कंपाउंडच्या फाटकाशी याकोबबाबा नावाचा एका पायानं अधू म्हातारा राही, त्याची एक बकरी होती आणि दुसरं काही नव्हतं. शनिवारी त्याच्या फडक्यात दोन मुठी पडायच्याच. महिनाअखेरी आमचं मडकं इतरांपेक्षा हलकं निघे आणि मला त्याची लाज वाटे. मी बोललो तर ती म्हणे, "देवाची मूठ देवाच्या मानसालाच गेली की."

त्या मडक्याच्या तळाशी, ज्वारीखाली, फडक्यात बांधलेले आईचे चांदीचे तोडे होते. आईनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गळ्यातलं आणि कपाळावरचं उतरवलं. पायातले तोडे तेवढे राहिले. मरताना तिनं ते अक्काच्या हातात दिले. अक्का ते घालत नसे. कधी सणाला बाहेर काढून राखेनं घासायची आणि एकमेकांवर आपटून मार्थाला त्यांचा आवाज ऐकवायची. "ह्यो एक तुज्या मामाचा," ती म्हणायची, "आन् ह्यो एक तुजा." माझा माझ्या शिक्षणासाठी, मार्थाचा तिच्या लग्नासाठी.

मार्था पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला. गोवर गेला, पण डाव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर दुधाच्या थेंबासारखा पांढरा डाग, आणि तो डोळा गेला. वर्षभरानं उजवा डोळाही लाल होऊन पाझरू लागला. उजेड तिला सोसेना; दिवसभर तळवा डोळ्यावर धरून ती रहाटाशेजारी बसून राही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाळा लागायच्या आत हिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या, दीड महिना तिथं राहावं लागेल, हा डोळा वाचण्याजोगा आहे. अक्कानं त्याच दिवशी ठरवलं की मार्थाच्या वाटणीचा तोडा मोडायचा. दीड महिना कांड्या बंद म्हणजे घरात दाणा नाही, प्रवास वेगळा, तिथलं राहणं वेगळं; एक तोडा त्याला पुरेल असा तिचा अंदाज होता. तेव्हा माघ सरत आला होता. ती तेव्हाच गेली असती. गेली नाही, कारण फाल्गुनात आमच्या देवळात कापणीचा सण होता आणि त्या सणाच्या उपासनेत माझं पहिलं प्रवचन होतं. "तुजं बोलणं ऐकल्याबिगर कशी जाऊ?" ती म्हणाली. "पंधरा दिसांचा तर प्रश्न हाय."

मी एकोणीस वर्षांचा होतो. मंडळीतून एकाला नगरच्या पाळकांच्या शाळेत पाठवायचं होतं, सगळा खर्च मिशनचा. आम्ही दोघे उमेदवार होतो. दुसऱ्याचं गाणं चांगलं होतं, माझं बोलणं. साहेबांनी, म्हणजे बंगल्यात राहणाऱ्या मिशनरींनी, मला बोलावून सांगितलं की सणाला तू बोल. त्यामागं काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला समजलं. मी विषय घेतला तो पृथ्वीवरच्या धनाचा आणि स्वर्गातल्या धनाचा. कसर कुरतडते ते धन, गंज चढतो ते धन, चोर भिंत फोडून नेतो ते धन. आणि ज्याला यातलं काहीच होत नाही ते धन. आठ दिवस खपून लिहिलं आणि सणाच्या आदल्या दिवशी दुपारी पडवीत अक्काला वाचून दाखवलं. रहाट चालू होता. शेवटपर्यंत तिनं ऐकलं.

"ग्वाड हाय बोलणं," ती म्हणाली. "पर कुणासाटी हाय ते?"

मी म्हणालो, सगळ्यांसाठी.

"सॉलोमनरावासाटी असंल तर बरं हाय. आपल्या घरात कसर शिरली तर उपाशी मरंल की रं."

सॉलोमनराव म्हणजे मंडळीतले एक वडील, म्हणजे पंच, मिशनच्या शाळांची बांधकामं करणारे ठेकेदार. घड्याळाची सोन्याची साखळी घालून ते पहिल्या ओळीत बसत. मला तिच्या चेष्टेचा राग आला. आठ दिवस खपलेल्या माणसाला येतो तसा. मी म्हणालो, आपल्या घरात काही नाही असं कसं, मडक्यात आहे की. मी उद्या उभा राहून साठवू नका म्हणणार, आणि माझ्याच घरात धान्याखाली चांदी.

रहाट थांबला. "ते साठिवल्यालं न्हाय, शमू. ते लेकराच्या डोळ्यासाटी ठेवल्यालं हाय."

मी म्हणालो, भरवसा देवावर ठेवायचा की चांदीवर?

"चांदी कुणी दिली मग?" तिनं विचारलं. ती पुढं म्हणाली, "तुजा तोडा तुजा हाय. वाहायचा तर खुशाल वाहा, मी इचारणार न्हाय. मार्थीच्याला हात लावू नगं." आणि तिनं पुन्हा रहाट फिरवायला घेतला.

इथं थांबून एक गोष्ट सरळ लिहितो. मी माझा तोडा वाहू शकलो असतो. ते रास्त झालं असतं आणि कुणाचं काही गेलं नसतं. पण नगरला जाऊ पाहणाऱ्या तरुणानं एक तोडा दिला तर ती देणगी झाली असती. मला दाखला हवा होता. सगळं देऊन टाकणारी गरीब विधवा हवी होती, आणि ती माझ्या घरात रहाट फिरवत बसली होती.

पुढची पासष्ट वर्षं मी स्वतःला सांगत आलो की देवळात ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. तसं नाही. त्या प्रवचनाचे कागद अजून माझ्या पेटीत आहेत. ते वाक्य समासात, उभ्या ओळीत, वेगळ्या शाईनं लिहिलेलं आहे. त्याच दुपारी मी ते घातलं. आणि घालताना मनात एक हिशोब होता. आमच्याकडे कापणीच्या सणाला उपासना संपली की वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होई. कणसांच्या पेंढ्या, हरभऱ्याचे डहाळे, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. चढ्या बोलीनं विकत घ्यायचं आणि ते मोल देवळाला जायचं. ऐपतदार लोक बोली जिंकून वस्तू पुन्हा टेबलावर ठेवत, म्हणजे ती आणखी एकदा विकली जाई. आणि एखाद्या अगदी गरिबानं काही मोठं वाहिलं असेल, तर बोली जिंकणारा ते त्याच्याच हातात परत देई. आदल्या वर्षी याकोबबाबानं आपली बकरी वाहिली होती. सॉलोमनरावांनी ती घेतली आणि दोर म्हाताऱ्याच्या हातात दिला. सगळं देऊळ रडलं होतं. मी धरून चाललो होतो की तोडेही तसेच परत येतील. अक्काचं दान होईल, मंडळी गहिवरेल, मी नगरला जाईन आणि चांदी मडक्यात येईल. देण्याचं मोल मला काहीही न जाता हवं होतं.

सणाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. मंद्रूपकडून बैलगाड्या आल्या होत्या. एक कोंबडी दोर सोडवून मंडळीच्या पाळकांच्या खुर्चीखाली जाऊन बसली आणि प्रार्थना चालू असतानाच तिनं अंडं घातलं. लिलाव करणारे मास्तर हळूच म्हणाले, ही आपली भेट आधी देऊन बसली. बायकांच्या बाजूला सतरंजीवर तिसऱ्या ओळीत अक्का होती. मार्था तिच्या मांडीवर, तळवा डोळ्यावर धरून. मी बोलायला उभा राहिलो. पाच मिनिटांत मला कळलं की लोक माझ्या मुठीत आले आहेत. साहेबांनी वही काढली होती. ते सुख मला अजून आठवतं, आणि अजून त्याची शिसारी येते. मग मी समासातल्या वाक्यापाशी आलो.

"या देवळाच्या सावलीत एक घर आहे," मी म्हणालो. "तिथं देवाच्या मुठीखाली चांदी पुरलेली आहे. वरचे दाणे देवाचे, आणि तळाची चांदी आपली."

आणि मी थांबलो. थांबायचं, असं कागदावर लिहिलं होतं.

देवळाच्या सावलीत आमचंच घर होतं. आधी पुढच्या बायका वळल्या, मग बाकीच्या. अक्कानं मार्थाला शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मला वाटलं, चिडून गेली. मी प्रवचन कसंबसं संपवलं. गाणं सुरू झालं. त्याचं शेवटचं कडवं चालू असताना ती कमरेवर मडकं घेऊन आत आली. तिनं ते टेबलाशी ठेवलं, कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला, फडकं बाहेर काढलं, गाठ सोडली. दोन्ही तोडे टेबलावर ठेवले. दोन्ही. मोकळं फडकं तिच्या हातात राहिलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

लिलावात तोडे शेवटी आले. सॉलोमनरावांनी एकच मोठी बोली केली आणि तिच्यावर कुणी गेलं नाही. ते उठले, तोडे हातात घेतले, तळव्यावर जोखले. सगळे अक्काकडे पाहू लागले; मीही. ती उभी होती, आणि फडकं तिनं दोन्ही तळव्यांवर पसरून धरलेलं होतं, तोडे परत बांधून घ्यायला धरावं तसं. तिनं ते जाणून धरलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. सॉलोमनराव तिच्यापाशी आले, क्षणभर थांबले, म्हणाले, "बाई, तुमचं दान फार मोठं आहे. ते परत करून मी त्याचा अपमान करणार नाही." आणि वळून त्यांनी ते तोडे साहेबांना दिले, आमच्या मंडळीची आठवण म्हणून. टाळ्या झाल्या. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. माझं प्रवचन त्या देवळात कुणी मनावर घेतलं असेल तर त्यांनी. अक्कानं फडक्याची घडी घातली आणि मार्थाला कडेवर उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लय्या लड्या घेऊन आले. बातमी त्यांच्या पेठेपर्यंत पोचली होती. ते पायरीवर बसले नाहीत. मला म्हणाले, "तुमचा देव मागितला का, तू मागितला?" मी म्हणालो, हे तुम्हाला कळायचं नाही. ते लड्या ठेवून गेले. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

त्या आठवड्यात साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. नगरचं ठरलं होतं. त्यांच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर आईचा एक तोडा ठेवलेला होता. दुसरा कुठं होता ते दिसलं नाही. साहेब भला माणूस होता. मराठी तो आमच्यासारखीच बोले. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "शमुवेल, तुझ्या बहिणीला काही अडचण आहे का? काही लागतं का तिला? मोकळेपणानं सांग."

मार्थाचा डोळा, मिरज, दीड महिना: एवढे शब्द पुरले असते. साहेबानं तो तोडा तिथंच उचलून माझ्या हातात दिला असता, मला शंका नाही. पण मग सगळी गोष्टच बदलली असती. आंधळ्या होत चाललेल्या पोरीच्या औषधाची चांदी मी भर देवळात तिच्या आईच्या हातून काढवली, अशी ती गोष्ट झाली असती, आणि असल्या मुलाला नगरला कोण पाठवणार होतं? मी म्हणालो, "नाही साहेब. तिचं धन स्वर्गात आहे."

साहेबाचे डोळे भरून आले. त्यानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

अक्कानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. मी निघालो त्या दिवशी तिनं वाटेसाठी भाकरी आणि चटणी बांधून दिली, त्याच फडक्यात. नंतरचं मला मास्तरांच्या हातच्या पत्रातून कळलं. ती दुप्पट कांड्या भरू लागली. अंधार पडला तरी बोटांच्या अंदाजानं भरत राही. शेजारणींनी थोडंथोडं दिलं, याकोबबाबानं बकरी विकली. अक्काला निघता आलं तोवर वैशाख संपला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी दिव्यासमोर पोरीचा डोळा पाहिला आणि विचारलं, दोन महिने आधी का आणली नाही? अक्का काय म्हणाली, ते पत्रात नव्हतं. पत्र मी वाचलं, घडी घातली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो. तिथं माझी पाळी होती. मी चांगली प्रार्थना केली.

मग मी पाळक झालो आणि गोष्ट सांगू लागलो. वैरागला सांगितली, माळशिरसला सांगितली, जत्रांच्या गर्दीत उभं राहून सांगितली. एका गरीब विधवेची गोष्ट. तिच्यात मडकं होतं, मूठ होती, चांदी होती, सॉलोमनरावही होते. डोळा नव्हता. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं की हळूहळू मला स्वतःलाही ती तशीच आठवू लागली. कुणीतरी तिचं चार पानी पत्रक छापलं. त्या गोष्टीनं मला मान दिला, घर दिलं, मुलांची शिक्षणं दिली. पृथ्वीवरचं धन मिळवायला स्वर्गातल्या धनाच्या गोष्टीइतका चांगला धंदा मी दुसरा पाहिला नाही.

अकराबारा वर्षांनी मास्तरांचं पुन्हा पत्र आलं, राहेलबाईंची छाती धरली आहे, येऊन जा. मी वैरागहून मोटारीनं आलो. वाटभर एकच वाक्य मनात जुळवत होतो. गल्लीत शिरल्याबरोबर रहाट ऐकू आला आणि क्षणभर वाटलं, अक्का बरी आहे. रहाटावर मार्था होती. सतरा वर्षांची झाली होती. मान किंचित वर, डोळे मिटलेले, आणि बोटांतून सूत इतकं सारखं सुटत होतं की अक्काचं कधी सुटलं नसेल. आत अक्का भिंतीला टेकून बसली होती. चुलीजवळ मडकं होतं.

"आलास व्हय," ती म्हणाली. "खाल्लंस का काय?"

मी तिच्यापाशी बसलो. जुळवलेलं वाक्य येईना. म्हणून उगीच विचारलं, अक्का, त्या दिवशी दोन्ही का आणलेस? तुझं तर ठरलं होतं, मार्थाच्याला हात लावायचा नाही.

ती खोकली, पाणी प्याली. मग म्हणाली, "तू बोललास आन् थांबलास. समदी माज्याकडं बगायली. मी उटलो नसतो तर तुजं बोलणं खोटं पडलं असतं की. पयलंच बोलणं तुजं."

एवढंच. स्वर्ग नाही, धन नाही. धाकटा भाऊ चारचौघांत खोटा ठरू नये म्हणून. इतकी वर्षं मी जी गोष्ट लोकांना विकत होतो तिचा गाभाच मला माहीत नव्हता.

बाहेर रहाट थांबला. मार्थानं पडवीतून हाक मारली. "मामा, ती गोष्ट सांगा की. समद्या गावाला सांगिटली म्हनं. मला कुणी न्हाय सांगिटली. मी लई बारकी होतो."

मी उठून पडवीत गेलो, मल्लय्या बसायचे त्या पायरीवर बसलो. ठरवलं, आज डोळ्यासकट सांगायची, इथंच, तिला. सुरुवात केली. मडकं, मूठ, चांदी. आणि जीभ आपल्या वाटेनं चालू लागली. जिथं आवाज उतरवायचा तिथं उतरला, जिथं थांबायचं तिथं मी थांबलो. गोष्ट संपली, आणि तिच्यात काही नवं आलेलं नव्हतं. मार्थानं सुताचं टोक बोटात धरून ठेवलं होतं.

"चांगली हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "मामा, गोष्टीत मी न्हाय व्हय?"

आतून अक्का घाईनं बोलली, "तू लहान होतीस की गं, मार्थे. तुजं काय काम तितं?" तेव्हाही तिनंच मला सावरून घेतलं.

मार्थानं सूत चाचपून जोडलं आणि रहाट सुरू केला. मी जेवलो आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत गेलो. अक्का त्याच महिन्यात गेली. मार्था त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. दर नाताळाला कुणाच्या तरी हातून तिचं पत्र येई, आणि दर वर्षी मी तिला खरं सांगायचं ठरवत असे. एकाच शहरात, अर्ध्या तासाच्या वाटेवर, शेवटची वीस वर्षं राहिलो.

पायरीवर बसून त्या संध्याकाळी जे म्हणायचं होतं ते आता इथं लिहितो. तिला कुणी वाचून दाखवण्याची वेळ गेली आहे. मार्था, तू होतीस गोष्टीत. तिसऱ्या ओळीत, सतरंजीवर, आईच्या मांडीवर, उजव्या डोळ्यावर तळवा धरून. त्या डोळ्यानं तुला तेव्हा दिसत होतं. ती चांदी त्याच्यासाठी होती हे मला माहीत होतं, बोलायच्या आधी माहीत होतं, आणि साहेबानं विचारलं तेव्हाही माहीत होतं. तुझा डोळा मी घेतला, पोरी. मला क्षमा कर.